मानुएल आन्तोनियोजवळच्या वर्षावनातील पर्यावरणपूरक लॉज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोस्टा रिकाच्या प्रशांत महासागराकडील किनाऱ्यावर केपोस हे छोटे बंदर आहे आणि तेथून सात किलोमीटरवर मानुएल आन्तोनियोचा प्रसिद्ध समुद्रकिनारा आहे. या दोहोंमधल्या डोंगरधारेवर आणि मागच्या टेकड्यांत, झाडीत दडलेले अनेक लॉज आहेत. तेथे मुक्काम करू इच्छिणारे परिचित जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा भर पावसात तेथे राहून आल्यामुळे काही उत्तरांत माझी मतेही उतरली आहेत.

किनाऱ्यावरील हॉटेल आणि वर्षावनातील लॉज यांत नेमका फरक कोणता?

अंतराचा फरक फारसा नाही. फरक आहे तो राहण्याच्या पद्धतीचा. डोंगरधारेवरील बहुतेक लॉजपासून किनारा थोड्या चालीवर किंवा बसच्या एका छोट्या फेरीवर असतो. मात्र खोली झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर असते, तिच्या एक-दोन बाजूंना भिंतीऐवजी नुसती जाळी असू शकते आणि उजाडण्यापूर्वीच हाऊलर माकडांच्या घुमणाऱ्या आवाजाने जाग येते. पहिल्या पहाटे तो आवाज ऐकून एखादे मोठे जनावर खिडकीशी येऊन उभे आहे, अशी माझी खात्री झाली होती. प्रत्यक्षात ती माकडे दरीच्या पलीकडच्या झाडांवर होती.

‘आमचा स्वतःचा खासगी किनारा आहे’ असे कोणी जाहिरातीत म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. १९७७ च्या कायद्यानुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरची पट्टी सार्वजनिक मालमत्ता मानली जाते आणि तिच्यातील पहिले ५० मीटर सर्वांसाठी खुले असतात. लॉजला किनाऱ्यापर्यंत जाणारी खासगी पायवाट असू शकते, किनारा असू शकत नाही.

येथील जंगल मूळचे आहे की नंतर वाढलेले?

दोन्ही प्रकारचे आहे, आणि आपला लॉज त्यांपैकी कोणत्या तुकड्यात आहे, हे विचारून घेणे योग्य ठरते. १९३० च्या दशकात युनायटेड फ्रूट कंपनीने केपोस परिसरात केळीची मोठी लागवड केली. पुढे मुळांतून शिरणाऱ्या पनामा या बुरशीजन्य रोगाने केळी बसली आणि तिच्या जागी तेलताडाच्या बागा आल्या. केपोसकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आजही त्या सरळ रांगांत उभ्या दिसतात. नवख्या प्रवाशाला ते हिरवेगार जंगल वाटते, पण त्या रांगांमध्ये माकडांना आणि पक्ष्यांना आधार देणारे फार थोडे असते.

देशाचे चित्र याहून मोठे आहे. १९४० च्या दशकात कोस्टा रिकाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली होता. १९८० च्या दशकापर्यंत तो जेमतेम एक चतुर्थांशावर आला आणि आज पुन्हा निम्म्याहून अधिक झाला आहे. यामागे १९९६ च्या वनकायद्याचा मोठा वाटा आहे. या कायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यास बंदी घातली आणि इंधनावरील कराचा काही भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला म्हणून देण्याची सोय केली. त्यामुळे आपण ज्या लॉजमध्ये राहतो, त्याच्या मागची झाडी पन्नास वर्षांपूर्वी गुरांचे कुरण असण्याची शक्यता बरीच असते. हे कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. उलट, कुरणाचे जंगल होऊ दिलेल्या मालकाकडे राहणे मला अधिक पसंत आहे. जंगल साफ करून तेथे ‘जंगल लॉज’ बांधणाऱ्यापेक्षा तो बरा.

खुद्द मानुएल आन्तोनियो राष्ट्रीय उद्यान १९७२ मध्ये स्थापन झाले. त्याचा जमिनीवरील भाग सुमारे २,००० हेक्टरचाच आहे. देशातील सर्वांत लहान आणि सर्वाधिक गर्दीच्या राष्ट्रीय उद्यानांत त्याची गणना होते. एवढ्या लहान तुकड्यात प्राण्यांच्या पिढ्या टिकायच्या, तर बाहेरच्या टेकड्यांशी त्याचा संबंध तुटता कामा नये. त्या बाहेरच्या टेकड्यांवरच हे लॉज आहेत. म्हणूनच लॉजची जमीन कशी राखली जाते, याला येथे इतके महत्त्व आहे.

‘पर्यावरणपूरक’ हा दावा खरा आहे, हे कसे ओळखावे?

लाकडी फलक, बांबूचे दिवे आणि टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारे कार्ड यांवरून काहीच कळत नाही. आरक्षणापूर्वी लॉजला पत्राने काही साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तर किती नेमके येते, ते पाहावे.

पहिला प्रश्न सांडपाण्याचा असावा. कोस्टा रिकात बहुतेक इमारतींचे सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते. डोंगरउतारावर पाऊस प्रचंड पडतो आणि खाली समुद्र असतो. त्यामुळे टाकी अपुरी किंवा गळकी असेल, तर तिच्यातील पाणी ओढ्यांतून थेट त्या किनाऱ्यावर उतरते, जेथे आपण पोहायला जाणार असतो. ‘आमच्याकडे प्रक्रिया केंद्र आहे, प्रक्रिया केलेले पाणी बागेला देतो, टाकीचा उपसा अमुक काळाने होतो’ असे उत्तर आले, तर तेथे कोणीतरी लक्ष घालत आहे, असे समजावे. ‘आम्ही निसर्गावर प्रेम करतो’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. लॉजच्या ताब्यात किती जमीन आहे, तिच्यातील किती भागावर बांधकाम आहे आणि उरलेल्या भागातील झाडी शेजारच्या जंगलाला सलग जोडलेली आहे का? येथे एका लहान प्राण्याची माहिती आवश्यक आहे. मोनो तिती या नावाने ओळखले जाणारे, नारिंगी पाठीचे खारमाकड जगात केवळ कोस्टा रिका आणि पश्चिम पनामा येथे आढळते, आणि त्याची एक उपजात तर केपोसच्या आसपासच्या पट्ट्यातच राहते. ही माकडे झाडावरून झाडावर जातात आणि जमिनीवर सहसा उतरत नाहीत. केपोस ते मानुएल आन्तोनियो हा रस्ता त्यांच्या वाटेला मधोमध छेदतो. त्यासाठी स्थानिक संस्थांनी रस्त्यावरून एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जाड दोर ताणले आहेत. एका संध्याकाळी बसथांब्यावर उभा असताना मी वीस-बावीस माकडांची टोळी त्या दोरावरून जाताना पाहिली. पुढची दोन-तीन झपाट्याने गेली, एका मादीच्या पाठीवर पिल्लू होते, आणि शेवटचे एक अर्ध्यावर थांबून खालून जाणाऱ्या ट्रकच्या छताकडे वाकून पाहत राहिले. दोर नसता, तर या टोळीला विजेच्या तारेवरून जावे लागले असते.

तिसरा प्रश्न याच तारांचा आहे, आणि तो जवळजवळ कोणीही विचारत नाही. उघड्या वीजवाहिन्या आणि रोहित्रे यांमुळे माकडे व स्लॉथ (फांद्यांना उलटा लटकणारा, अतिशय संथ प्राणी) होरपळून मरतात, ही कोस्टा रिकाच्या किनारपट्टीवरील जुनी समस्या आहे. लॉजने आपल्या आवारातील तारांना आवरण घातले आहे का किंवा त्या जमिनीखालून नेल्या आहेत का, एवढे विचारले तरी बरीच माहिती मिळते.

चौथी गोष्ट प्रकाशाची आहे. माझ्या पहिल्या मुक्कामाच्या लॉजचे नाव देण्यात अर्थ नाही, परंतु त्याच्या संकेतस्थळावर ‘निसर्गाशी एकरूप’ हे शब्द ठळक होते आणि आवारात रात्रभर पांढऱ्या झोताचे दिवे झाडांवर रोखलेले होते. सकाळी त्या दिव्यांखाली पतंगांचा खच पडलेला असे. काळजी घेणाऱ्या ठिकाणी दिवे पिवळसर, कमी उंचीवर आणि केवळ पायवाटेकडे झुकलेले असतात. खोलीतून जेवणघरापर्यंत जाताना आपला टॉर्च आपणच बाळगावा, अशी तेथे अपेक्षा असते.

एखादे अधिकृत प्रमाणपत्र आहे का?

होय. कोस्टा रिकाच्या पर्यटन संस्थेने १९९७ मध्ये शाश्वत पर्यटनाचे प्रमाणपत्र सुरू केले आणि ते सीएसटी या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. पूर्वी त्यात एक ते पाच पानांची श्रेणी असे, त्यामुळे जुन्या जाहिरातींत ‘पाच पानांचा लॉज’ असा उल्लेख अजूनही आढळतो; नंतर श्रेणींची पद्धत बदलली आहे. किनाऱ्यांसाठी आणि वस्त्यांसाठी ‘बांदेरा असुल एकोलोखिका’ हा निळ्या झेंड्याचा वेगळा उपक्रम १९९६ पासून चालतो. झेंडा दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो, म्हणून त्यावरील वर्ष वाचावे.

प्रमाणपत्र असणे चांगले. परंतु ते नसणे म्हणजे लबाडी नव्हे. चार-पाच खोल्यांचा कौटुंबिक लॉज चालवणाऱ्यांना त्यासाठीची कागदपत्रे आणि तपासण्या जड जातात, तर मोठ्या हॉटेलांकडे त्या कामासाठी स्वतंत्र माणसे असतात.

लॉज स्वच्छ ऊर्जेवर चालतो असे सांगितले जाते. ते कितपत महत्त्वाचे आहे?

या देशात हे सांगणे फारसे मोठे नाही. जलविद्युत, भूऔष्णिक, पवन आणि सौर मिळून कोस्टा रिकाच्या विजेचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग गेल्या दशकातील बहुतेक वर्षांत अक्षय स्रोतांतूनच आला आहे. म्हणजे शेजारचे काचेचे हॉटेलही जवळपास तितक्याच स्वच्छ विजेवर चालते. वीज किती वापरली जाते, हा प्रश्न मात्र उरतोच, कारण तिचा सर्वांत मोठा आधार पाणी आहे. एल निन्योमुळे पडलेल्या अवर्षणात, मे २०२४ मध्ये, धरणांचे साठे इतके घटले होते की भारनियमन जाहीर करावे लागले. नंतर पाऊस आल्यामुळे ते टळले.

वातानुकूलनाशिवाय राहता येईल का, हा यामागचा खरा प्रश्न असतो. दिवसाचे तापमान ३० ते ३२ अंश आणि रात्रीचे २२ ते २४ अंशांच्या घरात असते. त्रास तापमानाचा नसून दमटपणाचा होतो. उंचावर बांधलेली, दोन समोरासमोरच्या बाजूंनी वारा खेळणारी आणि छताला पंखा असलेली खोली असेल, तर दुसऱ्या रात्रीपासून अडचण जाणवत नाही. खाली खोलगट जागेतील खोली घेतली असेल, तर पंखा गरम हवाच फिरवत राहतो. दमा असलेल्या किंवा उष्णता अजिबात न सोसणाऱ्या व्यक्तींनी वातानुकूलित खोली निःसंकोच घ्यावी. सुट्टीवर येऊन रात्रभर जागे राहिल्याने जंगलाचे काही भले होत नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत कोरडा मोसम असतो आणि मे ते नोव्हेंबर पावसाचा. केपोस परिसरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सर्वांत ओले महिने. मात्र पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवसाची एक ठरावीक लय असते. सकाळ लख्ख उजाडते, दुपारी ढग दाटतात, तीन-चार तास धो धो पाऊस होतो आणि रात्री बेडकांचा गजर सुरू होतो. जूनअखेर ते जुलै या काळात पाऊस काही दिवस ओसरतो. स्थानिक लोक त्याला ‘बेरानियो’, म्हणजे छोटा उन्हाळा, म्हणतात.

माझे मत जुलैच्या बाजूचे आहे. गर्दी बेताची असते, लॉजचे दर उतरलेले असतात आणि जंगल खऱ्या अर्थाने वर्षावन दिसते. ख्रिसमस आणि ईस्टरच्या आठवड्यांत स्थानिक कुटुंबे मोठ्या संख्येने समुद्रावर येतात, त्यामुळे त्या काळातील आरक्षण कित्येक महिने आधी करावे लागते. सुट्टी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मिळणार असेल, तर पूर्वेकडील कॅरिबियन किनाऱ्याचा विचार करावा. तेथील पावसाचे गणित उलटे आहे आणि हेच दोन महिने तुलनेने कोरडे असतात.

तेथे कसे पोहोचावे?

राजधानी सान होसेपासून केपोस सुमारे १६० किलोमीटर आहे आणि मोटारीने साधारण तीन तास लागतात. सार्वजनिक बसला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु ती आरामशीर असते. छोटे विमान अर्ध्या तासात केपोसच्या धावपट्टीवर उतरवते. वाटेत तार्कोलेस नदीचा पूल लागतो. त्याखाली वाळूवर पहुडलेल्या मगरी पाहण्यासाठी सगळेच थांबतात. पुलावरून पाहावे, नदीकाठी उतरू नये, आणि गाडीत सामान ठेवून सगळ्यांनी एकदम खाली जाऊ नये.

केपोस ते मानुएल आन्तोनियो या टप्प्यासाठी स्वतःची गाडी नसली तरी चालते. स्थानिक बस दिवसभर थोड्या थोड्या वेळाने धावते आणि रस्ता अरुंद, वळणांचा व वाहनतळाच्या बाबतीत अवघड आहे. डोंगराच्या मागच्या बाजूच्या लॉजसाठी मात्र शेवटचे काही किलोमीटर कच्चे असू शकतात. पावसाळ्यात तेथे चारही चाकांना जोर देणारी गाडी लागते. हे लॉजला आधीच विचारावे.

खोलीत किडे, पाली, साप येतात का?

पाली येतात आणि त्या उपयोगी असतात, कारण त्या डास खातात. मुंग्यांची रांग एखाद्या सकाळी स्नानगृहातून जाईल. खाण्याचे काही उघडे नसेल, तर ती तशीच निघूनही जाईल. विंचू क्वचित दिसतात, तरीही बूट घालण्यापूर्वी झटकण्याची आणि ओला टॉवेल जमिनीवर न टाकण्याची सवय लावून घ्यावी. डासांबाबत निष्काळजीपणा नको. कोस्टा रिकात डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी असूनही दिवसा अंगाला डासरोधक लावावे लागते. ते लावलेल्या हातांनी बेडकांना स्पर्श करू नये, कारण त्यांच्या पातळ त्वचेतून रसायन थेट शरीरात जाते.

सापांविषयी स्पष्ट बोललेले बरे. तेर्सियोपेलो हा विषारी साप या भागात आढळतो. त्याचा रंग वाळलेल्या पानांसारखा असतो आणि तो रात्री हिंडतो. पायवाटेवरून चालणाऱ्या, हातात टॉर्च असलेल्या आणि पायात बंद बूट घातलेल्या माणसाला त्याच्यापासून धोका फार कमी असतो. अंधारात चपला घालून गवतात शिरणाऱ्याला मात्र धोका असतो. देशातच प्रतिसर्पविष तयार होते. कोस्टा रिका विद्यापीठाची क्लोदोमिरो पिकादो ही संस्था १९७० पासून हे काम करते. केपोसमध्ये सरकारी रुग्णालय आहे आणि आपत्कालीन क्रमांक ९११ आहे. दंश झाल्यास पट्टी आवळणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला शांत ठेवून तातडीने रुग्णालयात न्यावे.

प्राणी नक्की दिसतील का? त्यांना खायला देता येते का?

स्लॉथ, पांढऱ्या चेहऱ्याची कॅपुचिन माकडे, हाऊलर, इग्वाना आणि टूकन हे दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात सहसा दिसतात. स्लॉथ दिसण्यासाठी वाटाड्या घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याला जी फांदीवरची वाळकी गाठ वाटते, ती वाटाड्याच्या दुर्बिणीतून पाहिल्यावर सावकाश मान वळवते. पहाटे साडेपाच ते आठ ही सर्वांत फलदायी वेळ असते. दुपारी बाहेर पडणाऱ्यांना माणसेच अधिक दिसतात.

खायला देण्यास बंदी आहे. माणसांचे अन्न मिळत गेले की कॅपुचिन धीट होतात, चावतात आणि परस्परांत आजार पसरवतात. त्यांना आमंत्रण लागत नाही, ही गोष्ट वेगळी. उद्यानातील किनाऱ्यावर एका माकडाने माझ्या सहप्रवाशाच्या पिशवीची चेन नीट ओढून उघडली, चष्म्याचे घर बाजूला ठेवले आणि तळाशी राहिलेली गोळ्यांची पुडी काढून घेतली. प्राण्याला हातात धरून छायाचित्र काढू देणाऱ्या ठिकाणी पैसे देऊ नयेत. २०१९ मध्ये सरकारनेच याविरुद्ध मोहीम सुरू केली होती. छायाचित्रासाठी हातात दिला जाणारा स्लॉथ पाहुण्याला शांत वाटला, तरी त्याला ताण झालेला असतो.

राष्ट्रीय उद्यानाचे तिकीट लॉज देतो का?

तिकीट केवळ सरकारी संकेतस्थळावर, दिवस आणि प्रवेशाची वेळ निवडूनच मिळते. परदेशी प्रौढासाठी ते सुमारे १८ अमेरिकन डॉलर आहे. रोजची संख्या मर्यादित असल्यामुळे हंगामात काही दिवस आधीच वेळा संपतात. मंगळवारी उद्यान बंद असते, आणि ही एक गोष्ट लक्षात न घेतल्याने अनेकांचे वेळापत्रक कोलमडते. रस्त्यात शिट्टी वाजवून गाड्या थांबवणारे आणि ‘अधिकृत’ म्हणवणारे लोक बहुधा वाहनतळाचे दलाल असतात. प्रवेशद्वार नेहमी त्यांच्या पुढे असते. आत बाहेरचे खाद्यपदार्थ आणि एकदाच वापरण्याचे प्लास्टिक नेता येत नाही. पिशव्या तपासल्या जातात. पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली चालते.

समुद्रात पोहणे सुरक्षित आहे का?

उद्यानाच्या आतील, पुन्ता कातेद्राल या टेकडीच्या आडोशाचा मानुएल आन्तोनियो किनारा शांत आहे. ती टेकडी एकेकाळी बेट होती. लाटांनी साचवलेल्या वाळूने ती मुख्य भूमीला जोडली गेली. बाहेरील एस्पादिया हा लांब किनारा अधिक उघडा आहे आणि तेथे माणसाला आत ओढणारे प्रवाह तयार होतात. जीवरक्षक असतील त्या भागातच उतरावे. ओढले गेल्यास प्रवाहाशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडावे.

किनाऱ्यावर छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळे लागणारे मान्सानियो नावाचे झाड आहे. त्याचे फळ विषारी आहे आणि चीक त्वचा भाजून काढतो. पाऊस आला म्हणून धावत जाऊन याच झाडाखाली उभे राहणे ही सर्वांत वाईट कल्पना आहे, कारण पानांवरून निथळणारे पाणीही चीक घेऊन येते.

लहान मुले किंवा ज्येष्ठ व्यक्ती सोबत असतील तर?

लॉजला एकच प्रश्न विचारावा : खोलीपासून जेवणघरापर्यंत पायऱ्या किती? उतारावरच्या लॉजमध्ये त्या शंभराहून अधिक असू शकतात, ओल्या असतात आणि त्यांना कठडा असेलच असे नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी स्वागतकक्षाच्या पातळीवरील खोली लेखी मागून घ्यावी. अगदी लहान मुलांसाठी जाळीच्या भिंतींची आणि उंच सज्जाची खोली टाळावी.

शाकाहारी जेवण मिळते का?

मिळते, आणि कंटाळवाणेही नसते. सकाळी गायो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्याबरोबर परतलेला भात, आणि दुपारी भात, घेवडा, कोशिंबीर व तळलेली पिकी केळी असलेले कासादो हे ताट सर्वत्र असते. शब्दांची एक फसगत मात्र होते. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढेच सांगितले तर पुष्कळदा कोंबडी वाढली जाते, कारण रोजच्या बोलण्यात कार्ने म्हणजे गोमांस. ‘नी पोयो, नी पेस्कादो’, कोंबडी नको आणि मासेही नकोत, असे पुढे जोडावे. घेवडा चरबीत शिजवला आहे का, हेही विचारावे.

एकूण खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

जाहिरातीतील दरात १३ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला आहे का, ते प्रथम पाहावे. उपाहारगृहाच्या बिलात या कराखेरीज १० टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेले असते. चलन कोलोन आहे. डॉलरही सर्वत्र घेतले जातात, परंतु बसमध्ये आणि छोट्या खाणावळीत कोलोन असलेले बरे. दुर्गम लॉजचा दर जास्त वाटला, तरी त्यात बऱ्याचदा तिन्ही वेळचे जेवण आणि वाटाड्यासह फेरी धरलेली असते. तुलना करताना हे विसरले जाते.

सामानात काय असावे?

पटकन वाळणारे कपडे, बंद बूट, डोक्यावर लावायचा टॉर्च, हलका रेनकोट आणि दुर्बीण. सुती जीन्स एकदा भिजली की मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही. पासपोर्ट आणि कॅमेरा ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावेत. मी तसे केले नाही, आणि पाचव्या दिवशी पासपोर्टचे मुखपृष्ठ कमानीसारखे वळले होते. वीज १२० व्होल्टची आणि प्लग सपाट पिनांचे असतात. सनस्क्रीन झिंक ऑक्साईडचे घ्यावे. नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी पिण्यायोग्य असल्याने बाटलीबंद पाण्याची गरज पडत नाही. स्वच्छतागृहातील कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकावा. सूचना विचित्र वाटते, परंतु तुंबलेला सेप्टिक टँक त्याहून वाईट.

किती दिवस राहावे? याहून शांत पर्याय आहे का?

तीन रात्री किमान, चार योग्य. एक दिवस उद्यानासाठी, एक समुद्रासाठी आणि एक पूर्णपणे लॉजच्या सज्जात बसण्यासाठी ठेवावा. प्राणी याच दिवशी सर्वाधिक दिसतात. गर्दी नकोच असेल, तर दक्षिणेकडील ओसा द्वीपकल्पात जावे. तेथील कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये स्थापन झाले आणि तेथे सखल प्रदेशातील मूळ वर्षावन मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे. पोहोचणे अवघड, पाऊस अधिक आणि कोर्कोवादोत परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही.

आठवण म्हणून शिंपले आणता येतात का?

नाही. किनाऱ्यावरून शिंपले व प्रवाळ नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतले जातात. रिकाम्या शिंपल्यात साधू खेकडे राहायला येतात. संध्याकाळी एस्पादियाच्या वाळूवर दहा मिनिटे स्थिर बसले, तर आपण उचलणार होतो तोच शिंपला चालू लागलेला दिसतो.